शिक्षकाची वही आणि व्यवस्थापनाची फाईल

मार्च महिना सरत आला की शाळांच्या शिक्षककक्षात एक निराळीच लगबग सुरू होते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी आणखी एक कागद येऊन पडतो. वर्षभरात आपण कोणते उपक्रम राबविले, कोणती प्रशिक्षणे पूर्ण केली, निकाल किती टक्के लागला, शाळेच्या विकासासाठी काय केले, याचा हिशेब शिक्षकाने स्वतःच मांडायचा असतो. त्यावर मुख्याध्यापक आपला अभिप्राय लिहितात आणि तो कागद गोपनीय अहवालाच्या फाईलमध्ये जातो. अलीकडे या कागदाला छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि ऑनलाईन नोंदी यांची मोठी पुरवणी जोडावी लागते. प्रत्येक दाव्यासोबत पुरावा हवा असतो.

आपल्या धर्मग्रामांत शिक्षकांची घरे थोडी नाहीत. ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांची मुले शाळेत आहेत. म्हणून हा विषय केवळ शिक्षककक्षापुरता मर्यादित नाही. २९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके ठरविण्याचे सुचविले. वेतनवाढ आणि पदोन्नती केवळ सेवाज्येष्ठतेवर न देता मूल्यमापनाच्या आधारे द्यावी, अशी त्यातील स्पष्ट भूमिका आहे. प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशीही त्यात अपेक्षा आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरला आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय दिला. अल्पसंख्याक शाळांविषयीचा प्रश्न न्यायालयाने त्या वेळी मोठ्या पीठाकडे सोपविण्याचे ठरविले. आपल्या शाळांना जवळून स्पर्श करणारा हा विषय आहे.

शिक्षकाचे काम तपासले जाण्याचा काळ आला आहे आणि तो परत फिरणार नाही. अशा वेळी आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. हे सारे पुरावे गोळा करून शिक्षक अधिक चांगला शिकवू लागतो काय?

एक जुनी आठवण

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी होतो. सातवीला गणित शिकविणाऱ्या एका शिक्षकांनी आपल्या स्वयंमूल्यमापनात लिहिले होते की, वर्गातील अकरा मुलांना अपूर्णांकांची बेरीज अजून जमत नाही, आपण तीन वेळा शिकवून पाहिले, तेव्हा आपल्याच पद्धतीत काहीतरी उणे असावे. त्या अकरा मुलांची नावेही त्यांनी दिली होती. इतका प्रामाणिक कागद मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. परंतु समितीने त्याचे काय केले? अध्यापनात सुधारणेची गरज आहे असा शेरा त्यांच्या अहवालावर मारला. पुरावा त्यांनीच दिला होता, तो आम्ही त्यांच्याविरुद्ध वापरला. त्या शेऱ्याखाली माझीही सही आहे.

पुढील वर्षी त्याच शिक्षकांचा कागद आला. सर्व उद्दिष्टे साध्य झाली होती. सोबत गणित जत्रेची छायाचित्रे होती. समितीने समाधान व्यक्त केले. त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. मीही विचारले नाही.

आज मागे वळून पाहताना वाटते की, आम्ही त्या शिक्षकांना खोटे बोलायला शिकविले नाही, परंतु खरे बोलण्याची किंमत मात्र दाखवून दिली. स्वतःकडे पाहण्याचे त्यांचे एक दार आम्ही बंद केले.

मूल्यमापन हवेच

याचा अर्थ मूल्यमापन नको असा कोणी काढू नये. शिक्षकी पेशा ही पाचारणाची वाट आहे, हे आपण वारंवार सांगतो आणि ते खरेही आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यातही या पाचारणाचा गौरव आहे. परंतु पाचारण हे कामचुकारपणाचे पांघरूण होऊ शकत नाही. वर्गात उशिरा येणारा, वर्षानुवर्षे तेच टाचण उतरवून काढणारा, मुलांना अपमानित करणारा शिक्षक असेल तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार मुलाला आणि पालकांना आहे. जो दुर्बल आहे, ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी शाळेतील तास हाच एकमेव आधार असतो. त्याचा तास वाया जाणे हा अन्याय आहे.

मूल्यमापन न्याय्य असावे, यासाठीही बरेच प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि नियमावली १९८१ ची. परिवीक्षा काळातील कर्मचाऱ्याच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवावी, असे ही नियमावली सांगते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात, सरकारी सेवकाच्या वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद त्याला कळविली पाहिजे, असे ठरविले. ज्या दोषाची आपल्याला कल्पनाच दिली जात नाही, तो सुधारणार कसा, हा त्यामागील साधा विचार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ साली प्राथमिक शिक्षकांसाठी कार्यनिर्देशक प्रसिद्ध केले. अध्ययन अनुभवांची आखणी, विषयाचे ज्ञान, अध्यापनाची तंत्रे, परस्परसंबंध, व्यावसायिक विकास, शाळेचा विकास आणि उपस्थिती अशा सात अंगांनी शिक्षकाने प्रथम स्वतःच स्वतःला तपासावे, अशी त्याची रचना आहे. हेतू उत्तम आहे. अडचण आहे ती स्वतःसाठी केलेली तपासणी आणि दुसऱ्यासाठी दिलेला हिशेब एकाच कागदावर लिहून घेण्याची.

इतिहासाचा धडा

ही अडचण नवी नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. निरीक्षक शाळेत येत, मुलांचे वाचन, लेखन आणि अंकगणित तपासत आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरे. परिणाम असा झाला की, मुले वाचनपुस्तक पाठ करू लागली आणि परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. मॅथ्यू आर्नल्ड हे नामवंत कवी स्वतः शाळा निरीक्षक होते. त्यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली. तोवर एक पिढी त्या पद्धतीत शिकून बाहेर पडली होती.

तरीही दीडशे वर्षांनी तोच प्रयोग नव्या वेषात परतला. अमेरिकेत २००९ नंतर अनेक राज्यांनी विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शिक्षकांची प्रतवारी करण्यास सुरुवात केली. २०१४ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने सावधगिरीचा इशारा दिला. विद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यापैकी साधारण १ ते १४ टक्केच भाग शिक्षकांमुळे असतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात, हे तिने निदर्शनास आणले. बाकीचा भाग घर, परिस्थिती आणि व्यवस्था यांचा असतो. गेट्स प्रतिष्ठानाच्या पाठबळाने राबविलेल्या मोठ्या शिक्षक मूल्यमापन योजनेचा अहवाल रँड संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या प्रगतीत अपेक्षित सुधारणा झाली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्लंडने २०१३ साली शिक्षकांची वेतनवाढ कामगिरीशी जोडणे शाळांना बंधनकारक केले होते. सप्टेंबर २०२४ पासून ते बंधन काढून टाकण्यात आले.

आपल्या राज्यातील अनुभवही असाच बोलका आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने मुलांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद करावी, ही त्यातील सुंदर कल्पना होती. परंतु नोंदी तपासल्या जाऊ लागताच तयार नोंदींच्या याद्या उपलब्ध झाल्या आणि अनेक ठिकाणी त्या जशाच्या तशा उतरविल्या गेल्या. मूल बाजूला राहिले, नोंद पूर्ण झाली. जो कागद तपासनिसासाठी लिहिला जातो तो तपासनिसाला आवडेल असाच होतो. यात शिक्षकाचा स्वभावदोष कमी आणि व्यवस्थेचा दोष अधिक आहे.

पुरावा कशाचा?

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने परुशी आणि जकातदार यांचा दाखला सांगितला आहे. दोघेही मंदिरात प्रार्थनेला जातात. परुश्याची प्रार्थना म्हणजे एक उत्तम भरलेला स्वयंमूल्यमापनाचा तक्ता आहे. आठवड्यातून किती उपवास केले, उत्पन्नाचा कितवा भाग दिला, हे सारे त्यात आकड्यांसह आहे. त्यातील एकही आकडा खोटा आहे असे प्रभू म्हणत नाही. तरीही तो नीतिमान ठरून घरी जात नाही. जकातदाराजवळ दाखविण्यासारखे काहीच नसते. तो केवळ आपली खरी स्थिती सांगतो. परुश्याचे पुरावे खरे होते, मात्र ते त्याला स्वतःकडे पाहू देत नव्हते.

आपल्या शाळांच्या फायलींतील छायाचित्रांबाबत हेच म्हणता येईल. बालदिन साजरा झाला, वृक्षारोपण झाले, विज्ञान प्रदर्शन भरले, याचा पुरावा छायाचित्र देते. मुलाला काय कळले, याचा पुरावा ते देऊ शकत नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र उपस्थिती सांगते, परिवर्तन सांगत नाही. शंभर टक्के निकालाचा फलक तर कधी कधी उलटाच पुरावा असतो. दहावीचा निकाल राखण्यासाठी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना नववीतच दुसरी वाट दाखविली जाते, अशी तक्रार पालकांकडून ऐकू येते. जेथे असे घडत असेल तेथे तो फलक गैरहजर मुलांच्या पाठीवर उभा असतो.

मग खरा पुरावा कोठे सापडतो? मुलाच्या वहीत. एकाच मुलाची जुलै, नोव्हेंबर आणि मार्चमधील वही शेजारी शेजारी ठेवली तर जे दिसते ते कोणत्याही अहवालात दिसत नाही. तीच चूक तिन्ही वह्यांत असेल तर ती चूक मुलाची राहत नाही, ती शिकविण्यातील असते. मुलांनी विचारलेले प्रश्न, तासाला बसूनही वर्षभर एकदाही न बोललेले मूल, वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी दिलेली भेट, सहकारी शिक्षकाने मागच्या बाकावर बसून पाहिलेला तास, हे सारे पुरावेच आहेत. यातील बरेचसे आपल्या उणिवा दाखवितात. म्हणूनच ते मौल्यवान आहेत आणि म्हणूनच भीतीच्या वातावरणात ते कोणी समोर आणत नाही.

सेमिनरीतील दोन दारे

या पेचावर ख्रिस्तसभेजवळ एक जुना आणि अनुभवसिद्ध तोडगा आहे. सेमिनरीत धर्मगुरूपदाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्षानुवर्षे मूल्यमापन होते. रेक्टर आणि प्राध्यापक त्याचा अभ्यास, वागणूक आणि योग्यता पाहतात व त्यावर त्याचे भवितव्य ठरते. त्याच वेळी त्याला एक आध्यात्मिक मार्गदर्शक दिलेला असतो. त्याच्यापाशी तो आपले अपयश, शंका आणि मोह मोकळेपणाने बोलू शकतो. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम २४० असे सांगते की, विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की नाही, किंवा त्याला सेमिनरीतून काढावे की नाही, हे ठरविताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा प्रायश्चित्त संस्कार देणाऱ्या गुरूचे मत कधीही मागता येणार नाही. निर्णय घेणाऱ्याचे दार वेगळे आणि अंतःकरण उघडण्याचे दार वेगळे.

यामागे मानवी मनाची खोल जाण आहे. जो माझा निकाल लावणार आहे त्याच्यासमोर मी माझी जखम उघडी करणार नाही. आणि जखम कोठेच उघडी केली नाही तर ती बरी होणार नाही. दोन्ही दारे आवश्यक आहेत. केवळ मार्गदर्शक असता तर अयोग्य माणसेही वेदीपर्यंत पोहोचली असती. केवळ रेक्टर असता तर साऱ्यांनी मुखवटे चढविले असते.

आपले शिक्षक एकाच दारातून ये-जा करतात. त्यातही शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काम करणाऱ्या तरुण शिक्षकाची स्थिती विचारात घ्या. शिकण्याची सर्वाधिक गरज त्यालाच असते आणि चूक कबूल करण्याचे धाडस त्यालाच सर्वांत महाग पडते.

इग्नेशियसच्या रेघा

पुरावा आणि आत्मपरीक्षण यांचे मुळातच वैर आहे, असेही समजू नये. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात एक मोठी व्यवहारी सूचना आहे. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखाव्यात. दुपारी आणि रात्री थांबून, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यावेत. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. ही पुराव्याची नोंदच आहे, आणि ती अत्यंत काटेकोर आहे.

परंतु दोन गोष्टी लक्षात घ्या. तो कागद ज्याचा त्याच्यापाशी राहतो. आणि त्यात एका वेळी एकच दोष घेतलेला असतो, एकदम पन्नास रकाने नाहीत. येशूसंघीयांनी १९९३ साली आपल्या शिक्षणपद्धतीची नव्याने मांडणी केली, तेव्हा संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन असा क्रम ठेवला. मूल्यमापन शेवटी येते, चिंतन आणि कृती त्याच्या आधी. आपण चिंतनाची पायरी गाळून थेट मूल्यमापनावर उडी घेतली आहे.

आपल्या शाळांनी काय करावे?

शासनाचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. जे कागद भरावे लागतात ते भरावेच लागतील आणि ते खरेपणाने भरावेत. परंतु त्या कागदाशेजारी आपण दुसरे दार उघडू शकतो.

प्रत्येक शिक्षकाने स्वतःची एक वही ठेवावी. आठवड्याला एक पान पुरे. या आठवड्यात कोणत्या मुलाला माझे शिकविणे पोहोचले नाही आणि पुढील आठवड्यात मी काय वेगळे करीन, एवढेच त्यात लिहावे. ही वही मुख्याध्यापकांनी, व्यवस्थापक धर्मगुरूंनी किंवा धर्मभगिनींनी कधीही मागू नये. मागणार नाही, असे वर्षारंभी सर्वांसमोर सांगावे आणि पाळावे. तिच्यातील काय बाहेर आणायचे, हे शिक्षकानेच ठरवावे.

दोन शिक्षकांनी जोडीने एकमेकांचे तास पाहावेत. मुख्याध्यापकांचे वर्गनिरीक्षण लॉगबुकात नोंदले जाते, तसे हे नोंदले जाऊ नये. तास संपल्यावर चहाच्या पेल्यासोबत दोघांनी बोलावे, एवढेच.

मूल्यमापनाचा अहवाल शिक्षकाला समोर बसवून वाचून दाखवावा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. ज्या शिक्षकाने स्वतः आपली उणीव सांगितली व ती दूर करण्याचा प्रयत्न केला, त्याची ती उणीव प्रतिकूल शेरा होऊ नये. मात्र मुलांना इजा, अपमान किंवा शोषण यांसारखी बाब असेल तर तेथे कोणतीही गुप्तता चालणार नाही. मुलाची सुरक्षितता साऱ्या वह्यांच्या आणि फायलींच्या वर आहे.

आणि पालकांनो, आपलाही वाटा आहे. शाळेच्या सभेत आपण टक्केवारी विचारतो. एकदा असेही विचारून पाहा की, माझ्या मुलाला काय समजत नाही आणि त्यासाठी आपण दोघे मिळून काय करू शकतो. ज्या शिक्षकाला हा प्रश्न विचारला जातो त्याला प्रामाणिक उत्तर देण्याचे बळ मिळते.

आणखी एक वर्ष

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्याला साठ वर्षे पूर्ण होत असताना, पोप लिओ चौदावे यांनी शिक्षणावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्याच सुमारास संत जॉन हेन्री न्यूमन यांना संत थॉमस अक्वायनस यांच्यासोबत ख्रिस्तसभेच्या शिक्षणकार्याचे सहआश्रयदाते घोषित करण्यात आले. सद्सद्विवेकबुद्धीच्या आवाजाविषयी न्यूमन यांच्याइतके मनःपूर्वक थोड्यांनीच लिहिले असेल. तो आवाज ऐकण्यासाठी थोडी शांतता आणि थोडे अभय लागते. आपल्या शिक्षकांना आपण ते देतो काय?

प्रभू येशूने निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला. मालक तीन वर्षे फळ शोधीत येतो आणि अखेर झाड तोडण्याचा हुकूम देतो. त्याचे मूल्यमापन चुकीचे नव्हते, झाडाला खरोखरच फळ नव्हते. परंतु बागेत एक माळीही होता. त्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. त्या वर्षात झाडाभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. मालकाचा निर्णय त्याने नाकारला नाही, तो पुढे ढकलला आणि कामाला लागला.

आपल्या शाळांत फळ शोधणारे पुष्कळ आहेत. खणणारे आणि खत घालणारे हात वाढले पाहिजेत. वीस वर्षांपूर्वी त्या समितीत आम्ही सारे मालक होतो, माळी कोणीच झाले नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक शाळेत निदान एक माळी असावा, एवढीच प्रार्थना.